कार्डावरचा पत्ता

डॉक्टरांनी टीबी हा शब्द उच्चारला तेव्हा माझ्या मनात आधी देव आला नाही, बायको आली नाही, दोन मुलीही आल्या नाहीत. आधी सिराज आला. मी मनात म्हणालो, त्यानेच दिला.

हे सांगताना मान खाली जाते, पण सुरुवात इथूनच करायला हवी. आमच्या ख्रिस्ती मंडळीत आजारातून उठलेला माणूस उभा राहून साक्ष देतो. साक्षीत आपण नेहमी सोसणारे असतो आणि देव सोडवणारा असतो. अशा साक्षी मी पुष्कळ ऐकल्या, दोन-तीन दिल्याही. ही तशी नाही. दवाखान्याच्या बाकावर हातात कार्ड धरून, 'मला हा कोणी दिला' असा हिशेब मांडत बसलेल्या माणसासाठी मी हे लिहितो आहे. मी अजून पुरता बरा नाही. सुया संपल्या, गोळ्या बऱ्याच बाकी आहेत.

जोडीदार

माझं नाव शांतवन. मूळचा नगरकडचा, लग्नानंतर भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आलो. आमच्या शेडमध्ये चार लूमवर दोन माणसं असतात, एक दिवसपाळीला, एक रातपाळीला, आणि आठवड्याने पाळी उलटते. आपल्याच लूमवरच्या दुसऱ्या माणसाला जोडीदार म्हणायचं. माझा जोडीदार सिराज. दोन वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आला तेव्हा तेविशीचा असेल, अंगाने दणकट, हसरा. गावी म्हातारी आई.

धोटा म्हणजे ताण्यातून आडवं सूत नेणारी लाकडी होडी; त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्यासाठी तारेचा हूक मिळतो, पण हुकाला वेळ लागतो. म्हणून सगळेच भोकाला तोंड लावून जोरात श्वास ओढतात, की सूत थेट जिभेवर. हूक वापरणाऱ्याला आमच्यात 'नवरदेव' म्हणून चिडवत. संध्याकाळी माझ्या थुंकीने ओला झालेला धोटा सिराजच्या ओठाला लागायचा, सकाळी त्याचा माझ्या. किळस कोणाला वाटत नव्हती. पाळी बदलताना तासभर आम्ही दोघंही लूमपाशीच असायचो, आणि त्या खडखडाटात बोलायचं तर एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं, ते वेगळंच.

खोकला मला होताच. किती दिवसांचा असं कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, लूमवाल्याला खोकला नसेल तर काय डोक्यावर तुरा असेल? पुढे सिराजही खोकायला लागला. आणि एका दुपारी माझ्यासमोरच्या कोऱ्या कापडावर लाल थेंब पडले. तेलाचा डाग पडला तरी आमचे शेठ आकांडतांडव करतात, म्हणून मी घाईने फडकं घेऊन पुसायला गेलो. डाग पसरला आणि तोंडातून आणखी रक्त आलं.

थुंकी तपासली, ठाण्याला जाऊन छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "टीबी आहे. बरा होतो, पण दीड वर्ष औषध सोडायचं नाही." पुढचं काही माझ्या कानात शिरलं नाही. बाहेर बाकावर माझी बायको एस्तेर धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती.

"सिराजने दिला," मी तिला म्हटलं.

"कशावरून?"

"खोकतो ना तो."

त्याच पावली मी शेडवर गेलो आणि शेठना सांगितलं, सिराजला टीबी आहे, धोट्यातून मला लागला, आणखी चौघांना लागायच्या आत काय ते बघा. मी सगळ्यांवर उपकारच करतो आहे असं मला वाटत होतं. माझा आवाजसुद्धा उपासनेत शास्त्र वाचतानाचा लागला होता. शेठनी त्याच संध्याकाळी सिराजला काढलं. माझी जागा मात्र राखून ठेवली, कारण मी जुना माणूस. "बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले, "सुंठेवाचून खोकला गेला."

सिराज मागच्या नळावर हात धूत होता. माझ्याकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "भाई, पहले मुझे बोल देते?"

मी निघून आलो.

वॉर्ड

रक्त थांबेना म्हणून मला खाडीपलीकडच्या एका रुग्णालयात भरती केलं. टेम्पोने कशेळीचा पूल ओलांडला तेव्हा एस्तेरने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ उठला. मला वाटलं, हा पूल आपण परत ओलांडत नाही.

वॉर्डात सकाळी सहाला थर्मामीटर, सातला सुई, मग पाकिटातली कडू पूड. ती गिळली की दुपारपर्यंत पोटात मळमळायचं. सुईने कानात सारखा 'कुंऽऽऽ' असा आवाज राहायचा आणि चालताना जमीन कलायची. प्रत्येक खाटेखाली झाकणाचा डबा, थुंकण्यासाठी. रोज सकाळी तो आपणच नेऊन रिकामा करायचा. आपला डबा दुसऱ्यापेक्षा हलका असला की आनंद व्हायचा. इतका माणूस खाली येतो.

शेजारच्या खाटेवर वडप्याचे एक आजोबा होते. पहिल्या दिवशी मी तोंडावर चादर घेऊन रडत होतो तर ते म्हणाले, "रडाचं त रड रं, पन चादर काढून रड. दम कोंडंल." त्यांना भेटायला कोणी यायचं नाही, तरी नातवाची मोसंबी येतील असं सांगत राहायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांची खाट रिकामी झाली आणि दुपारी तिच्यावर दुसरा माणूस आला.

आमच्या मंडळीचे बंधू रविवारी आले. ते खाटेच्या पायथ्याशी, दोन हात लांब, नाकाला रुमाल लावून उभे राहिले. एकाने प्रार्थना केली, दुसऱ्याने बिस्किटांचा पुडा खिडकीत ठेवला, आणि दहा मिनिटांत सगळे गेले. मला राग येईना, कारण आजाऱ्यांच्या भेटीचं काम कित्येक वर्षं माझ्याकडेच होतं. खाटेवर बसायचं नाही, पुडा लांब ठेवायचा, ही रीत मीच घालून दिली होती. आजारी माणसाला त्या वेळी फक्त कोणीतरी टेकून बसायला हवं असतं, हे मला कधी सुचलं नाही. नाकाने कांदे सोलत मी दयेवर बोलायचो.

मुलींना वॉर्डात येऊ देत नसत. एस्तेर त्यांना खाली अंगणात उभी करायची. मी खिडकीतून हात हलवायचो. थोरली हात हलवायची, धाकटी दुसरीच कुठली खिडकी बघत राहायची.

जुना डाग

महिन्याने दुसरा फोटो काढला. वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला आणि विचारलं, "लहानपणी कधी महिनोन्महिने ताप, खोकला, वजन उतरणं, असं काही?"

झालं होतं. सतराव्या वर्षी चार महिने अंथरुणाला खिळलो होतो. आईने दृष्ट काढली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि मी उठलो. ती माझी पहिली साक्ष.

"फुप्फुसातलं हे भोक नवं नाही," डॉक्टर म्हणाले. "भोवतीचा भाग आकसलाय बघा, असं व्हायला वर्षं जातात. रोग तेव्हाचाच. मधे निजला, मग परत उठला. दोन-तीन वर्षं तरी तुमच्या खोकल्यातून जंतू जात असणार."

मी विचारलं, "जोडीदाराकडून नाही झाला? धोट्यातून?"

"तो कधीपासून खोकतो?"

"सहा-सात महिने."

"मग उलट असायची शक्यता जास्त. आणि धोट्याचं सोडा. बंद शेडमध्ये रोज त्याच्या तोंडासमोर खोकलात ना? तेवढं पुरतं. शपथेवर कोणी सांगू शकणार नाही, पण..." त्यांनी फोटो पाकिटात घातला. "त्याचं औषध चालू आहे ना?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मग बघा. न घेता राहिला तर वर्ष-दोन वर्षं जगेल."

त्या दिवसापासून मला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की नळावर हात धुणारा सिराज दिसायचा. माझ्यासाठी वॉर्ड होता, सुई होती, राखून ठेवलेली जागा होती. त्याला मी रोग दिला, आणि वर चोर म्हणून त्यालाच पकडून दिलं. मेलो तर सुटेन, असं पुष्कळदा वाटलं. एस्तेर आली की तिला सांगायला तोंड उघडायचो आणि मुलींच्या शाळेचं काहीतरी विचारायचो.

वेगळी थाळी

थुंकी साफ आली तेव्हा घरी सोडलं, पण काही महिने जपायचं होतं आणि रोजची सुई दवाखान्यात जाऊन घ्यायची होती. पहिल्याच रविवारी उपासनेला गेलो. आम्ही पंधरा-वीस माणसं एका बंधूच्या घरी जमतो, महिन्यातून एकदा कल्याणहून पाळकसाहेब येतात. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, म्हणजे भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षरस सगळ्यांनी घ्यायचा. प्याला एकाच्या ओठावरून दुसऱ्याच्या ओठाला लागत माझ्यापर्यंत आला आणि मला टाळून पुढे गेला. मग मला वेगळ्या स्टीलच्या पेल्यात दिलं. डॉक्टरांनीच तसं बजावलं होतं, कोणाचं काही चुकलं नव्हतं. तरी माझे कान तापले. 

दुसऱ्या दिवशी सुई घेऊन मी थेट सिराजच्या बिशीत गेलो. लूमवाले महिन्याच्या बोलीवर जिथे जेवतात तिला आमच्याकडे बिशी म्हणतात. चालवणाऱ्याने मला ओळखलं.

"तुमने ही तो बताया ना, उसको टीबी है," तो म्हणाला. "मैं क्या करता? चालीस आदमी खाता है. उसकी थाली अलग कर दी. दो दिन अलग थाली में खाया, तीसरे दिन आया ही नहीं. खोलीवालों ने भी बिस्तर बाहर रख दिया." मग कोणीतरी त्याला पडघ्याला पाहिल्याचं त्याने सांगितलं.

मी एसटीने पडघ्याला गेलो. नाशिक रस्त्याच्या कडेला एका ट्रकवर गवताच्या गासड्या चढत होत्या. खाली उभा राहून गासडी पाठीवर घेणारा माणूस मी आधी ओळखलाच नाही. खांद्याची हाडं वर आली होती. ट्रकच्या सावलीत बसून तो खोकत होता, आणि तो खोकला मात्र मी लगेच ओळखला. तो माझाच होता.

मी त्याच्या शेजारी मातीत बसलो. "सिराज, बीमारी मेरी थी. पुरानी. मैंने तुझको दी, और नाम तेरा लगाया."

तो गवताची काडी मोडत राहिला. "तो अब क्या लेने आए हो?"

"माफी."

"माफी से खाँसी जाती है?"

"नहीं. दवा से जाती है. चल मेरे साथ."

"जाओ, भाई," तो म्हणाला आणि उठून गासडीखाली वाकला.

मी घरी परतलो. दोन दिवसांनी पुन्हा पडघ्याला गेलो, पुन्हा तेच. घरी सांगायचो की दवाखान्यात रांग होती. तिसऱ्या खेपेला तो ट्रकला टेकून बसला होता आणि त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं. या वेळी तो माझ्याबरोबर एसटीत चढला.

पत्ता

दवाखान्यातल्या कंपाउंडरने नवं कार्ड काढलं. नाव, वय, बापाचं नाव. मग म्हणाला, "राहता पत्ता? इथलाच लागेल. मधे औषध सोडलं तर आमचा माणूस घरी येतो. पत्ता नाही तर कार्ड नाही."

सिराज म्हणाला, "ट्रक के नीचे."

मी माझा पत्ता लिहून दिला. कंपाउंडरने माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, पण शिक्का मारला. त्या दिवशी मी किती दिवसांनी पोटभर जेवलो. आपण दया केली, असं वाटलं. कागदावर केली होती. सिराज रात्री पडघ्यालाच राहणार होता आणि रोज सुईला एसटीने यायचा होता. चार दिवस आला. पाचव्या दिवशी नाही, सहाव्या दिवशी नाही. आणि आठव्या दिवशी दवाखान्याचा माणूस आमच्या दारात उभा राहून एस्तेरला विचारू लागला, "सिराज इथेच राहतो ना?"

आमची घरमालकीण काकी ओट्यावर भाजी निवडत होती. आमची गल्ली सगळी हिंदूंची. शहरातल्या हिंदू-मुसलमान दंगलीला चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हापासून तिथे मुसलमानाला खोली मिळत नव्हती. आम्हा ख्रिस्त्यांनाही 'तुम्ही नक्की कोण' असं विचारूनच तिने ठेवून घेतलं होतं.

संध्याकाळी मी सगळं ओकलो. जुना डाग, शेठ, बिशी, पडघा. एस्तेर ऐकून भिंतीला टेकली.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही खोकत होता," ती म्हणाली, "तेव्हा मुली तुमच्याजवळ झोपत होत्या."

"त्यांना तपासलंय. काही नाही त्यांना."

"आणि आता आणखी एक आणणार? त्याच्या औषधाचा तर अजून पत्ताच नाही. डॉक्टर म्हणाले होते, घरात खोकणारा नको. तुमच्या पापाचं माझ्या लेकरांनी भरायचं?"

 दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट ठेवायची आणि उठून जायची. त्या दोन दिवसांइतका मी वॉर्डातही घाबरलो नव्हतो. तिकडे तो खंगतोय, इकडे ही मोडतेय, आणि दोन्हीच्या मुळाशी मी.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मुलींची ट्रंक भरायला घेतली.

"मुली आईकडे नगरला जातील," ती म्हणाली. "त्याची थुंकी साफ येईपर्यंत. तुम्ही त्याला घेऊन या."

"एस्तेर, देव तुला..."

"देवाला मधे आणू नका, आणि मला दयाळू-बियाळू म्हणू नका. माझ्या मनात दया नाही, राग आहे. पण त्याचीही आई तिकडे वाट बघत बसली असेल ना?"

मग ती स्वतःच काकीकडे गेली. मी दाराआडून ऐकत होतो. काकी कडाडली, "मना आधी का न्हाय सांगितलास? लोकं काय बोलतील?" एस्तेरने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही, कारण ती रडत होती. बऱ्याच वेळाने काकी म्हणाली, "घरान न्हाय. पडवीत झोपूं दे त्याला, वारा हाय तिथं. आन कोनी विचारलं त माज्याकडं पाठव."

एसटी स्टँडवर धाकटी माझ्या पायाला बिलगली. मला तिचा पापा घेता येत नव्हता. थोरलीने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "पप्पांना बरं नाही. चल." गाडी सुटल्यावर एस्तेर माझ्यापासून चार पावलं लांब उभी होती.

सकाळ

सिराजला पडवीत येऊन अडीच महिने झाले. एस्तेर आमच्या दोघांच्या थाळ्या एकाच पातेल्यात उकळते. तिला तो 'भाभी' म्हणतो, काकीचं पाणी भरतो. माझ्याशी पहिले पंधरा दिवस एक अक्षर बोलला नाही. सकाळी दवाखान्यात जाताना माझ्या दहा पावलं पुढे चालायचा. दम लागून मी थांबलो की तोही थांबायचा, मागे न बघता.

त्याची थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा जंतू निघाले. डॉक्टर म्हणतात, उशीर झाला होता, पण सोडू नका. दर निकालानंतर एस्तेर नगरला पत्र टाकते की अजून नाही. धाकटी आता तिच्या आजीला आई म्हणते, असं आजीने कळवलंय. ते पत्र एस्तेरने मला वाचून दाखवलं नाही, नुसतं हातात दिलं.

माझ्या सुया संपल्या, तरी रोज त्याच्याबरोबर जातो. काल सकाळी तो पुढे नव्हता, बरोबरीने चालत होता. मला राहवलं नाही. तीन महिने गिळून ठेवलेला प्रश्न मी विचारला.

"सिराज, माफ किया क्या मुझे?"

तो थांबला नाही. चालता चालताच म्हणाला, "रोज सवेरे थोड़ा करता हूँ, शांतवनभाई. शाम तक उतर जाता है."

वळणापाशी त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो, आणि त्याने तो झटकला नाही.

"फिर सवेरे करना पड़ता है," तो म्हणाला.

दवाखान्याचं दार अजून उघडलं नव्हतं. आम्ही बाहेरच्या पायरीवर शेजारी शेजारी बसलो.